आजोबांचं विद्यावेतन, नातीची फी

प्रश्न : माझे वडील व्हर्नाक्युलर फायनल होऊन शाळामास्तर झाले आणि नोकरी लागल्यावर त्यांना ट्रेनिंगला पाठवण्यात आलं. ते नेहमी सांगायचे, “ट्रेनिंग कॉलेजात मला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत. त्यातले चार पैसे वाचवून मी घरी मनिऑर्डर करायचो.” आता माझी मुलगी विनाअनुदानित कॉलेजात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही ओबीसी, पाच एकर कोरडवाहू. फी माफ आहे म्हणतात, तरी दर महिन्याला पैसे लागतातच. शिक्षक होणाऱ्याला सरकार पूर्वी पैसे देत होतं, तर ते कधी आणि का थांबलं? आणि आज नेमकी कोणती मदत मिळते?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : तुमच्या वडिलांनी सांगितलेलं अगदी खरं आहे. त्या पिढीतल्या हजारो मास्तरांनी असंच विद्यावेतन घेत ट्रेनिंग पुरं केलं. आणि तुमची मुलगी ज्या ओढाताणीत आहे तीही खरी आहे. थोडक्यात सांगायचं तर पूर्वी मदत माणसाला मिळत होती, आता ती फीला मिळते. मी स्वतः बरीच वर्षं अध्यापक महाविद्यालयात शिकवलं आहे, त्यामुळे हा फरक काय करतो ते रोज पाहिलं आहे.

आधी जुनी गोष्ट. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात गावोगाव मराठी शाळा निघू लागल्या, पण शिकवायला तयार माणूस मिळेना. मग फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास झालेल्या पोराला थेट शाळा द्यायची आणि पुढे सवडीनं ट्रेनिंगला पाठवायचं, अशी रीत पडली. म्हणून जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘ट्रेंड मास्तर’ आणि ‘अनट्रेंड मास्तर’ असा भेद येतो. ट्रेनिंगला आलेला माणूस बहुधा गरीब घरातला, अनेकदा लग्न झालेला. घरी मिळवणारं दुसरं कुणी नसताना तो वर्ष-दोन वर्षं बिनपैशानं कसा बसणार? म्हणून दरमहा विद्यावेतन ठेवलं होतं, आणि त्याच्या बदल्यात पुढे सरकारी शाळेत नोकरी करण्याची हमी लिहून घेतली जाई. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. सरकारला शिक्षक हवा होता आणि शिक्षकाला पोट होतं, इतका साधा तो हिशेब होता.

हा हिशेब आपल्या थोर माणसांनी फार लवकर ओळखला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. शाळामास्तर प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराला हात लावायची त्यांना लाज वाटू नये, असं त्यांनी त्यात मांडलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मास्तरला किमान बारा रुपये पगार द्या, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्या, असे आकडेही त्यांनी मांडले. चांगला शिक्षक हवा असेल तर त्याच्या भाकरीची सोय आधी करावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका तयार करण्याची मागणी केली. या स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त पगार असावा आणि शिकताना त्यांची राहण्याची चांगली सोय कॉलेजाच्या आवारातच असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. राहणं आणि पगार या दोन्ही गोष्टी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी प्रशिक्षणाशी जोडून मागितल्या गेल्या होत्या, हे विसरू नये.

पुढे १९३५ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ काढलं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेला खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या होत्या आणि त्या शाळांना खेड्यातलेच मास्तर हवे होते. ज्या घरातून दमडीही येणार नाही त्या घरातला मुलगाही शिकला पाहिजे, हा कर्मवीरांचा हट्ट होता. ‘कमवा आणि शिका’ हे नाव आज अनेक विद्यापीठांतल्या योजनांना आहे, ते याच हट्टातून आलेलं आहे.

मग हे थांबलं कधी? एका तारखेला कुणी बंद केलं, असं झालं नाही. क्रम उलटा झाला. पूर्वी आधी नोकरी आणि मग ट्रेनिंग होतं. नंतर आधी डी.एड. किंवा बी.एड. आणि मग नोकरी, असं झालं. तुमचे वडील ट्रेनिंगला गेले तेव्हा ते मास्तरच होते, म्हणून त्यांचं पोट सरकारच्या हिशेबात होतं. तुमची मुलगी आज सरकारदरबारी फक्त विद्यार्थिनी आहे. दुसरं कारण विनाअनुदानित कॉलेजांचं. १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षण मोठ्या प्रमाणात विनाअनुदानित झालं. पुढे डी.एड., बी.एड. कॉलेजंही तालुक्यातालुक्यांत निघाली आणि त्यांचा खर्च विद्यार्थ्याच्या फीमधून भागू लागला. तिसरं कारण सगळ्यांत कडू आहे. पदव्या घेतलेले उमेदवार जागांपेक्षा कितीतरी जास्त झाले. २०१० नंतर जिल्हा परिषदांची मोठी भरती अनेक वर्षं थांबली; २०१७ च्या अभियोग्यता चाचणीपर्यंत पोरं नुसती वाट पाहत बसली. दारात रांग लागलेली असताना पैसे देऊन माणूस तयार करायची गरज कुणाला वाटणार?

त्यातच अभ्यासक्रम लांबला. शिक्षक प्रशिक्षणाविषयीच्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या शिफारशींनंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं २०१४ मध्ये नवे नियम केले आणि २०१५-१६ पासून एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. शिकण्याच्या दृष्टीनं हा निर्णय चांगला आहे, असं माझं मत आजही आहे. एका वर्षात शिक्षक घडत नाही. पण एका वर्षाची दोन झाली तेव्हा घरच्या खर्चाचंही दुसरं वर्ष वाढलं, आणि त्याची तरतूद कुणी केली नाही.

आता आजच्या मदतीकडे येऊ. आधी तुमच्या मुलीचं पाहू.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. प्रवेश सीईटी आणि केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. अनाथ मुलामुलींनाही हा लाभ आहे. म्हणजे कॉलेज तुम्हाला ‘फी माफ’ सांगतं ते बरोबर आहे. पण त्यातले दोन शब्द नीट वाचा : शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत रक्कम, गणवेश, ओळखपत्र, सहली, शिबिरं हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. प्रत्येक विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. तो तक्ता मागा आणि त्यात नसलेल्या रकमेची मागणी झाली तर कशासाठी ते विचारा. जे भराल त्याची पावती घ्या, आणि अनामत रक्कम शेवटी परत मागायला विसरू नका.

इतर वाचकांसाठीही थोडं सांगतो. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काच्या निम्मी मदत मिळते. ती घरातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, तीत शुल्काबरोबर शैक्षणिक भत्ताही असतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फी. शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा विद्यार्थ्याच्याच खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम त्याने लगेच कॉलेजात भरायची असते. खात्यात पैसे दिसले की घरची नड भागवण्याचा मोह होतो. पुढे कॉलेज कागदपत्रं अडवतं आणि मनस्ताप होतो. त्या पैशाला हात लावू नका.

घर सोडून राहणाऱ्यांसाठी वेगळी मदत आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि अन्य जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. देशातल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एकीचं नाव या योजनेला असावं, हे मला फार उचित वाटतं.

पण तुमच्या पत्रात वसतिगृहाचा किंवा खोलीचा उल्लेख नाही, तेव्हा मुलगी घरूनच ये-जा करते असं मी धरतो. म्हणजे या राहण्या-जेवण्याच्या मदतीतलं काहीच तिला मिळत नाही. जी मुलगी खर्च परवडत नाही म्हणून घरी राहते, रोज एसटीचे हेलकावे खाते, ती या सगळ्या योजनांच्या मधल्या फटीत पडते. तुमच्या घरात दर महिन्याला जो खड्डा पडतो, तो या फटीतूनच पडतो.

तो खड्डा कशाकशाचा असतो ते सांगतो. माझ्या वर्गात एक छात्राध्यापिका होती, विज्ञानाची. तिचे पाठ उत्तम व्हायचे. तिचे तक्ते मात्र कधीच कोऱ्या कार्डशीटवर नसायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, खडूच्या रंगांनी काढलेले असायचे. एका सराव पाठाला तिनं पचनसंस्थेची प्रतिकृती केली होती : सलाईनची नळी, प्लास्टिकची बाटली आणि दोरा. मुलं अशी बघत बसली होती की पाठाची वेळ संपल्याचं कुणाला कळलं नाही. मी निरीक्षण वहीत भरभरून लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती पाठ टाचण दाखवायला आली तेव्हा वहीची पानं दोन्ही बाजूंनी इतकी गच्च भरलेली होती की समासही उरला नव्हता. मी म्हटलं, “अगं, नवी वही घे.” ती म्हणाली, “सर, पगार होऊ द्या.” तिचा पगार म्हणजे संध्याकाळच्या शिकवण्यांचे पैसे. आणि त्या शिकवण्याही इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा सुटल्या.

प्रश्नाची खरी जागा ही इंटर्नशिप आहे. नियमानुसार बी.एड.मध्ये एकूण वीस आठवडे शाळेत काढायचे असतात : पहिल्या वर्षी किमान चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ चार महिने. या काळात छात्राध्यापक परिपाठाला उभा राहतो, तास घेतो, वह्या तपासतो, घटक चाचणीचे पेपर काढतो, गॅदरिंगला मुलांना उभं करतो. कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा वर्गही याच्याकडेच येतो. सकाळी घर सोडलं की संध्याकाळी परत, म्हणजे बाहेर दोन पैसे मिळवायची सोय बंद. उलट शाळा कॉलेजपासून लांब असेल तर भाडं वाढतं आणि साधनांचा खर्च वाढतो. मिळकत शून्य असते तेव्हाच खर्च सगळ्यांत जास्त असतो.

आपल्याच देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. कारखान्यात काम शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलाला तो विद्यावेतन देतो. डॉक्टरकीच्या शेवटी इंटर्नशिप करणाऱ्यालाही विद्यावेतन असतं. दोघांनाही ते मिळालंच पाहिजे, याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चार महिने मुलांच्या वर्गात उभा राहणाराही काम करतच शिकत असतो. त्याच्या एसटीचे, डब्याचे आणि वह्यांचे पैसे निघतील एवढं तरी विद्यावेतन त्याला हवं. ही मागणी नवी नाही. तुमच्या वडिलांना जे मिळत होतं त्याचाच एक तुकडा मी परत मागतो आहे.

सरकारी कागदावर या विचाराला जागाही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्त्या मोठ्या संख्येनं द्याव्यात असं म्हटलं आहे. ग्रामीण भागासाठी विशेष शिष्यवृत्ती आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर आपल्याच परिसरात नोकरीत प्राधान्य, असंही त्यात आहे. विद्यावेतन घ्या, शिका आणि आपल्या भागातल्या शाळेत शिकवा, हा तर जुन्या ट्रेनिंग कॉलेजचाच करार झाला. तो कागदावरून वर्गात यावा, यासाठी पालकांनी, संस्थांनी आणि आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनी बोलत राहिलं पाहिजे.

तोवर या महिन्यात काय करायचं ते सांगतो.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप चालत नाही; नूतनीकरण करावं लागतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि रेशनकार्ड एका फाईलमध्ये ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते बँकेत जाऊन विचारा; आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून पैसे परत गेलेले मी पाहिले आहेत. अर्ज भरला की काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे लिपिकाच्या हातून पुढे सरकतो. दर आठवड्याला स्थिती पाहा आणि अर्ज तिथेच पडून असेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. तोंडी विनंतीचा दुसऱ्या दिवशी विसर पडतो, पोच घेतलेल्या कागदाचा पडत नाही.

एसटीचं पाहा. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहेच, पण विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो. पास घर ते कॉलेज असा असेल आणि इंटर्नशिपची शाळा दुसऱ्या वाटेला असेल, तर कॉलेजकडून त्या शाळेचं नाव लिहिलेलं बोनाफाइड घेऊन आगारात जा. आणि त्याआधी एक करा : शाळा वाटप होण्यापूर्वीच मुलीनं प्राचार्यांना विनंती करावी की गावाजवळची शाळा मिळावी. बहुतेक कॉलेजांत याद्या आपल्या सोयीनं लागतात, पण कुणी वेळेत सांगितलं तर बदलताही येतात. मी स्वतः अशा कित्येक याद्या बदलल्या आहेत.

कर्जाचं विचाराल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं आणि परतफेड बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होते. फी माफ असताना मोठं कर्ज काढू नका. अगदीच गरज पडली तर इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेची चौकशी आधी करा आणि मगच बँकेत जा.

हे सांगण्याचं कारण असं की बी.एड. संपताच पूर्ण पगार हातात येईल, असं धरून कुणी चालू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. पात्र धरलं जात नाही; तिथे डी.एल.एड. लागतं. सहावी ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. २००० साली ही पद्धत आली. नंतर कित्येक वर्षं मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपयेच होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. वाढ मोठी आहे, पण बी.एड.च्या काळात झालेलं कर्ज फेडत त्यावर घर चालवणं सोपं नाही. म्हणून आज जेवढं कमी उसनं घ्याल तेवढी ती उद्या मोकळ्या मनानं शिकवेल.

शेवटी एक विनंती. तुमच्या वडिलांची मनिऑर्डरची एखादी पावती, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, जुना पगाराचा कागद घरात कुठे असेल तर जपून ठेवा आणि मुलीला दाखवा. शिक्षक होणाऱ्याचा खर्च ही एकट्या घराची जबाबदारी नव्हती, गावाची आणि सरकारचीही होती, हे तिला त्या कागदावरून कळेल. ती उद्या वर्गात उभी राहील तेव्हा समोर तुमच्यासारख्याच कोरडवाहू घरातली मुलं असतील. त्यांतल्या एखादीला मास्तरीण व्हावंसं वाटलं, तर तिला विद्यावेतन मिळावं म्हणून बोलणाऱ्यांत तुमची मुलगी असेल, अशी मला मनापासून आशा आहे.